उपासाचं मीठ

नीलाक्काच्या घरी कुणीही गेलं तरी आधी पाणी प्यावं लागायचं. तहान असो, नसो. तुम्ही चप्पल काढेपर्यंत तिचा पितळी तांब्या भरून पुढं आलेला असायचा, आणि तुमचं पिऊन होईपर्यंत ती पदराला हात पुसत समोर उभी राहायची, तुमच्या गळ्याकडं बघत. अर्धं पिऊन कुणी "साकू" म्हटलं, म्हणजे कानडीत पुरे, की ती मान हलवायची. "साकू काय? तांब्या भरल्याला हाय. वतू का डोक्यावर?" सोलापूरच्या उन्हातनं माणूस आलंय, त्याच्या पोटात पाणी गेल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं कसं, असं तिचं म्हणणं. मग तो मीटर बघायला आलेला माणूस असो की भांडायला आलेली शेजारीण. भांडायला आलेल्या बाईला तर ती दोन तांबे पाजायची. एवढं पाणी पोटात घेऊन कोण किती भांडणार सांगा.

या बाईला शेवटी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं. दिवसाचं दीड लिटर. चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं त्यातच धरायचं.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. समोरचं दार बंदच आहे. माझा मात्र अजून सकाळी तिकडं बघितल्याशिवाय हात कामाला लागत नाही.

मी मूळची नातेपुत्याची. लग्न होऊन सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला लागले. पहिल्या दिवशी जी जागा मिळाली ती नीलाक्काच्या शेजारची. ती तपासणीला होती. अक्कलकोटच्या पलीकडच्या कानडी मुलखातली बाई. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. मला तिनं पहिल्याच दिवशी तंगी करून टाकलं. तंगी म्हणजे धाकटी बहीण. चाळीस वर्षांत तिनं मला नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

तिची तपासणी बघण्यासारखी असायची. बाकीच्या बायका टॉवेल उजेडाला धरून बघायच्या. ही बोलत राहायची, बघायची भलतीकडंच, आणि नुसता तळवा टॉवेलवरनं फिरवायची. मधेच तळवा थांबला की समजायचं, तिथं धागा तुटलाय. अंगठ्यानं दाबून दाखवायची. "हितं माल खराब हाय." एकदा मुकादमानं तिची परीक्षा घेतली. चार टॉवेल पुढं टाकले, तीन चांगले आणि एक मुद्दाम खराब. म्हणाला, डोळे मिटून सांगा. हिनं डोळे मिटले, हात फिरवला आणि दोन टॉवेल बाजूला काढले.

"एकच खराब होता की अक्का," मुकादम म्हणाला.

"एक तुमी घातल्याला," ती म्हणाली. "दुसरा तुमाला ठाव न्हवता."

उजेडाला धरून बघितला तर खरंच. मुकादम दिवसभर आमच्या बाजूला फिरकला नाही.

कारखाना सुटला तरी आमची गल्ली एकच राहिली. तिचं दार माझ्या दारासमोर. तिचा नवरा आधीच गेलेला, एकुलती मुलगी सुवर्णा करकंबला दिलेली, जावयाची ऊसशेती. मुलगी दर फोनला म्हणायची, इकडं ये. ही म्हणायची, येते. आणि जायची नाही. इथं तिचं उखळ होतं ना.

तिच्या शेंगाच्या चटणीबद्दल सांगायलाच पाहिजे. मिक्सरातली चटणी तिला चटणीच वाटत नसे. भाजलेल्या शेंगा, तिखट, लसूण, जिरं उखळात घालून मुसळानं अशी कुटायची की चटणीला आपोआप तेल सुटायचं. मीठ शेवटी. मीठ घातलं की चिमूटभर चटणी तळहातावर घ्यायची, जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. मग डोळे उघडून एकच शब्द, "बसलं." मीठ बसलं, असं. गल्लीतली पोरं परगावी शिकायला निघाली की प्रत्येकाच्या पिशवीत कडक भाकरीची चवड आणि तिच्या चटणीचा डबा जायचा.

होळीच्या सुमाराला तिच्या चपला पायात बसेनात. "उन्हानं चपला आटल्या गं," म्हणाली. आम्ही हसलो. नव्या चपला आणल्या, त्याही पंधरा दिवसांत आटल्या. मग एकदा ओट्यावर बसलो असताना तिनं लुगडं जरा वर केलं, नडगीवर तळवा फिरवला, अगदी टॉवेलवरनं फिरवायची तसा, आणि अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर तिथं खड्डा. खड्डा भरेचना.

"तंगी," ती म्हणाली, "हितं माल खराब हाय."

त्यानंतर आडवं झालं की दम लागायचा. चादरींच्या वळकट्या पाठीला लावून बसूनच झोपायची. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पंप ढिला पडलाय, त्यामुळं अंगात पाणी साठतंय. इंजेक्शनं देऊन पाणी काढलं. आठ दिवसांनी घरी आली तेव्हा पाय काडीसारखे, गाल आत गेलेले. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं आम्हाला खाली बसवून नीट सांगितलं. पोरीसारखी होती, पण सांगायची हातोटी चांगली. मीठ अगदी कमी, जेवणावर वरून तर नाहीच. चटणी, लोणचं, पापड बंद. पाणी दीड लिटर. आणि रोज सकाळी उठल्यावर वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवण नसतं, पाणी असतं. लगेच यायचं.

"कळलं का मावशी?"

"कळलं की," आम्ही दोघी म्हणालो. कागदावर लिहूनही दिलं तिनं. कागद फाइलीत, फाइल पेटीत, पेटी पलंगाखाली.

वजनाचा काटा गल्लीत कुणाच्याच घरात नव्हता. मग नीलाक्कानं गल्लीच्या तोंडाची नरसय्याची पिठाची गिरणी गाठली. तिथं पोती मोजायचा काटा आहे. पहिल्या दिवशी ही काही न बोलता काट्यावर जाऊन उभी राहिली.

नरसय्या म्हणाला, "अक्का, ज्वारी कुठंय?"

"मीच ज्वारी."

"बारीक दळायचं का जाडं?"

"भाकरी थापायला यील असं दळ. नातवंडास्नी पाठवायची हाय."

पन्नास किलो भरली. नरसय्यानं खडूनं भिंतीवर आकडा लिहिला. तेव्हापासून रोज सकाळी ती काट्यावर, आणि नरसय्या खडू घेऊन. दळण घेऊन आलेल्या बायका रांगेत थांबायच्या. "आधी अक्काचं पोतं," म्हणायच्या.

वजनाचं असं हसण्यावारी गेलं. पाण्याचं जाईना. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पत्रे तापतात, भिंती तापतात, पलंगाची लोखंडी पट्टी हाताला चटका देते. तिनं एका बाटलीवर दोऱ्यानं खूण बांधली होती, सकाळचं इथपर्यंत, दुपारचं इथपर्यंत. दुपारचं पाणी बाराच्या आतच संपायचं. मग कारखान्यातल्या जुन्या टॉवेलचं टोक ओलं करून ओठांना लावून बसायची. पण तांब्या मात्र भरलेलाच. आल्यागेल्याला पाणी चालूच.

मी म्हटलं, "अक्का, माझ्याच्यानं तुझ्यासमोर पिववत नाही."

"का? माझं बंद हाय, तुझं कुटं बंद हाय? पी. मी बगते."

मी प्यायचे. ती माझ्या गळ्याकडं बघायची.

"गेलं का खाली?"

"गेलं."

"गार हाय का?"

"लई गार आहे अक्का."

"माट नवा हाय," ती समाधानानं म्हणायची आणि ओठांवरनं टॉवेल फिरवायची.

पाणी तिनं असं निभावलं. मिठानं मात्र तिला हरवलं. जी बाई मिठाच्या एका कणावरनं चटणी बसली की नाही सांगायची, तिच्या ताटात अळणी भाजी, अळणी आमटी. सुवर्णा येऊन पंधरा दिवस राहिली, लिंबू पिळून बघितलं, कोथिंबीर घालून बघितली, लसूण वाढवला. नीलाक्का दोन घास खायची आणि ताट सरकवायची. "कापूस खाल्ल्यावानी वाटतंय," म्हणायची. सुवर्णा परत निघाली तेव्हा तिला द्यायला म्हणून तिनं चटणी कुटायला घेतली. दम लागत होता, तरी मुसळ कुणाला देईना. चाखायची तर मुभा नव्हती, म्हणून अंदाजानं मीठ घातलं. मग आम्हाला चार बायकांना हातावर दिली.

चटणीत मीठच नव्हतं. घालायचं विसरली होती, की हाताला भीती बसली होती, कुणास ठाऊक. आम्ही एकमेकींकडं न बघता म्हटलं, छान झालीय अक्का. नेहमीसारखी.

तिनं आमच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं. "तुमी खोटं खाताय गं," म्हणाली.

मग ती माझ्याकडं वळली. "तंगी, उद्यापासनं तुझी जीभ दे मला. तू चाख, मी कुटते. बसलं का न्हाई, तू सांगायचं. खरं सांगायचं."

त्यानंतर चटणी मी चाखायला लागले. मी डोळे मिटायचे आणि ती माझ्या तोंडाकडं बघत मुसळाला धरून उभी असायची. "बसलं," मी म्हणायचे. कधी म्हणायचे, "किंचित कमी." ती कण टाकायची. तिला त्यात इतका आनंद व्हायचा की मला वाटायचं, चला, निदान एवढं तरी. पण जेवण काही जाईना. सकाळचं वजन पन्नासाचं एकोणपन्नास, मग साडेअठ्ठेचाळीस झालं. सुवर्णा फोनवर रडायची. आईला उपाशी मारायचं का मिठापायी, म्हणायची.

आणि मग तो सोमवार आला.

नीलाक्काचा सोमवार कधी चुकायचा नाही. गळ्यात लिंग, सोमवारी उपास, हे लहानपणापासनं. त्या सोमवारी मी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी करून नेली. ती जेवायला बसली, एक घास घेतला आणि थांबली. डोळे मिटले. कारखान्यातल्या टॉवेलवर हात थांबायचा तशी थांबली.

"यात मीट हाय."

मी ताटच ओढायला गेले. मग आठवलं. "अगं, हे उपासाचं. सैंधव."

"उपासाचं?" ती माझ्याकडं बघत राहिली. "मंजे ह्ये मीट न्हवं?"

बघा, आता तुम्ही हसाल. पण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. उपासाला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. जे देवाला मीठ वाटत नाही, ते डॉक्टरांना मीठ कसं वाटेल? मी म्हटलं, "हे कुठलं मीठ? हे चालतं की."

ती दोन वेळा भात मागून जेवली. आमटी भुरकून प्यायली. किती महिन्यांनी मी तिचं ताट स्वच्छ झालेलं बघितलं. बोट चाटून म्हणाली, "बसलं गं तंगी."

दुसऱ्या दिवशी बाजारातनं मी स्वतः सैंधवाची पुडी आणली. माझ्या हातानं तिच्या फडताळात ठेवली. तेव्हापासून तिची भाजी, आमटी, ताक, सगळं उपासाच्या मिठात. चटणीसुद्धा तिच्यापुरती वेगळी कुटली, सैंधव घालून, आणि ती तिची तिनंच चाखली. किती दिवसांनी स्वतःच्या जिभेनं म्हणाली, बसलं. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

वजन वाढायला लागलं. एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न. नरसय्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायचा. "अक्का, पोतं भरायला लागलं."

"अंग धरलं म्हन," ती म्हणायची. गाल वर आले होते. तोंडावर तुकतुकी आली होती. मी सुवर्णाला फोन करून सांगितलं, आईला जेवण लागतंय, काळजी करू नको. देवळात जाऊन नारळ वाहून आले. दोन किलो वाढलं तर लगेच या, ते जेवण नसतं, असं ती सिस्टर बोलली होती. ते वाक्य माझ्या कानावरनं गेलेलं. पण आपल्या माणसाचं आत गेलेलं तोंड भरून येताना दिसलं की कागद कुणाला आठवतो? ते गाल पाण्यानं भरलेत हे मला कळलं नाही. इतकी वर्षं जिच्याशेजारी बसून घड्या घातल्या, तिच्या चेहऱ्यावरनं माझा हात फिरला आणि मला काही लागलं नाही.

चोपन्नाला काटा आला त्या सकाळी ती गिरणीपर्यंत गेली, पण परत येताना तीन दारं ओलांडताना तीनदा बसली. रिक्षा बोलावली.

दवाखान्यात तीच सिस्टर. नडगीवर बोट दाबून बघितलं, खड्डा बघितला, आणि विचारलं, "जेवणात मीठ किती जातंय मावशी?"

मी पुढं झाले. मोठ्या ठसक्यानं म्हटलं, "एक कण नाही. मी स्वतः बघते. सगळं उपासाच्या मिठात करते."

सिस्टर मान खाली घालून लिहीत राहिली, मग पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "मावशी, ते मीठच असतं. अंगात गेल्यावर दोन्ही सारखंच. दोन्ही पाणी धरतात."

मी बोटांवर मोजायला लागले, भाजी, आमटी, ताक, चटणी.

पलंगावर नीलाक्का नाकाला नळी लावून बसली होती, वळकटीला टेकून. बोलायला श्वास पुरत नव्हता तिला. तरी बोलली. "मीच मागवत हुते, बाई. ही म्हनत हुती नगो. हिला काय बोलू नगा."

आयुष्यात तिला खोटं बोलताना मी तेव्हा एकदाच ऐकलं.

सिस्टर गेल्यावर मी पलंगाच्या कडेला बसून रडायला लागले. थांबेचना. तिनं टॉवेलचं टोक माझ्या गालाला लावलं. "रडू नगो," म्हणाली. "तुझं पानी वाया चाललंय."

"अक्का, मी काय करून बसले गं."

ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. "दीड म्हैना मी जेवले की," म्हणाली. "पोटभर. चव घिऊन." मग परत श्वास. "तू नसतीस तर कापूस खाऊन मेले असते."

तिनं हे माझ्यासाठी म्हटलं की खरंच तसं होतं, मी अजून विचार करते. काही दिवशी वाटतं खरं असेल. बहुतेक दिवशी नाही वाटत. तिच्या फडताळातली पुडी मी नंतर काढली आणि मोरीत ओतून टाकली, पण तेवढ्यानं काय होतंय? आता गल्लीत कुणालाही असं पथ्य सांगितलं की मी न बोलावता जाते आणि सांगते, सैंधवही मीठच. बायका म्हणतात, कळलं मावशी, कितींदा सांगता. सांगू दे मला.

चार दिवस इंजेक्शनं चालली, पण या खेपेला पाणी हटेना. सुवर्णा आली होती. पाचव्या दिवशी दुपारी ती औषधं आणायला खाली गेली आणि मी एकटीच जवळ होते. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मागोमाग सुवर्णाचा फोन आला. म्हणजे ती दुपारच शेवटची.

उन्हं कलली नव्हती. पंखा गरम वारा फिरवत होता. नीलाक्काचे ओठ सुकून पांढरे झाले होते. तिच्या वाटणीचं पाणी सकाळीच संपलं होतं आणि सिस्टरनं फक्त ओठ ओले करायला सांगितलं होतं. मी टॉवेल भिजवला. तिनं मानेनंच नको म्हटलं. पिशवीकडं बोट केलं. पिशवीत माझी पाण्याची बाटली होती, निघताना तिच्याच घरातनं भरून आणलेली, आणि तिचा तांब्या. का आणला होता तांब्या, मला सांगता यायचं नाही. सकाळी हातात आला, टाकला पिशवीत.

"पानी पी," ती म्हणाली.

"नको अक्का."

"उन्हातनं आलीयास. पी मनते न्हवं."

मी तांब्यात पाणी ओतलं. ती बघत होती. मी तोंडाला लावला आणि पहिला घोट घेतला. तिची नजर माझ्या गळ्यावर होती, आणि मी घोट गिळला की तिचाही गळा हलत होता. मी थांबले.

"गेलं का खाली?"

"गेलं."

"गार हाय?"

"लई गार आहे. तुझ्याच माठातलं."

तिनं बोटानं खूण केली, पी. मी परत प्यायले, हळूहळू, एकेक घोट, जितका वेळ पुरवता येईल तितका. डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण ते पुसायला तांब्या खाली ठेवावा लागला असता. शेवटच्या घोटाला तिनं डोळे मिटले. मी रिकामा तांब्या उलटा करून दाखवला, कारखान्यात डबा खाऊन झाला की आम्ही एकमेकींना दाखवायचो तसा.

तिनं डोळे उघडून बघितलं.

"साकू," ती म्हणाली.